जांभळ्या बोटांची शाळा

मुख्याध्यापकानं कुठं बसावं याबद्दल केदारीबाईंचं स्वतःचं एक मत होतं, आणि ते ऐकून आजवर एकाही मुख्याध्यापकाला आनंद झालेला नव्हता. खुर्चीतून शाळा दिसत नाही, नुसतं दार दिसतं, असं त्या म्हणत. पावसाळ्यात मुख्याध्यापकाची जागा नळापाशी, उन्हाळ्यात माठापाशी. आणि कुणाचे आईवडील भांडायला आले, की खुर्ची त्यांना द्यायची नि आपण समोरच्या बाकड्यावर बसायचं. खुर्चीत बसलेला माणूस लवकर गार होतो, असा त्यांचा अनुभव होता. यात थोडा वाटा खुर्चीचाही असावा, कारण तिचा एक पाय आखूड होता आणि वेताची वीण बरोबर मधोमध सुटली होती.

शाळा पनवेलच्या बाहेर, विचुंब्याकडे जाणाऱ्या रस्त्याला होती. संस्थेनं तिला संस्थापकांच्या वडिलांचं लांबलचक नाव दिलं होतं, पण ते फाटकावरच्या पाटीशिवाय कुणाला पाठ नव्हतं. सगळे तिला केदारीबाईंची शाळा म्हणत. सुमती केदारी मूळच्या नगर जिल्ह्यातल्या. वडील तिकडच्या एका खेड्यातल्या चर्चचे पाळक, आई शिवणवर्ग चालवायची. बाईंनी लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारायची त्यांच्या हाताखालच्या, सीनियॉरिटीत दुसऱ्या असलेल्या गोरखसरांना फार इच्छा होती, पण गळ्यात शिटी असूनही त्यांची छाती झाली नाही. अख्ख्या शाळेत त्या एकट्याच ख्रिस्ती. नाताळात त्यांच्या करंज्या आल्या की लोकांना ते आठवायचं आणि करंज्या संपल्या की विसरायचं.

नळाची भानगड सुरू झाली ती शुक्रीमुळे. नव्वद-एक्याण्णवचा सुमार होता. नव्या पनवेलच्या इमारती उभ्या राहत होत्या, आणि त्यांच्या गटारांसाठी शाळेपुढचा रस्ता खणून ठेवला होता. जुलैत त्या रस्त्याचा नुसता रबडा झाला. शाळेच्या फरश्या मात्र नव्या होत्या आणि गोरखसरांचा त्यांच्यावर जीव होता. ते फाटकात उभे राहत. बूट घातलेली मुलं बूट काढून आत जात. अनवाणी आलेल्यांनी पाय वाळेपर्यंत व्हरांड्यात उभं राहायचं. आता जुलैत पनवेलला काय वाळतं? डोंगराखालच्या कातकरी वाडीतून चालत येणारी शुक्री तिसरीचा अभ्यास व्हरांड्यातून, खिडकीच्या गजांमधून करायला लागली. तिथून तिला फळ्याचा डावा अर्धा दिसे. त्यामुळे तिला गणितं सगळी येत, फक्त उत्तरं येत नसत.

बाईंच्या हे लक्षात आलं तेव्हा त्या गोरखसरांना काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाजवळच्या नळाखाली पाण्याचं पिंप आलं, पाणी ओतायचा प्लास्टिकचा मग आला, बुटकं स्टूल आलं, आणि स्टुलावर, पदर खोचून आणि कमरेला टॉवेल गुंडाळून, स्वतः मुख्याध्यापिका बसल्या. येईल त्याचा पाय दगडावर घ्यायचा, धुवायचा, पुसायचा, आत सोडायचं. बूटवाल्यांनाही त्यांनी बूट-मोजे काढायला लावले. गोरखसर म्हणाले, की बुटातले पाय स्वच्छच असतात.

"चिखलाचे तेवढे धुतले तर ती शिक्षा होईल, गोरखसर," बाई म्हणाल्या. "सगळ्यांचे धुतले तर ती शाळा होईल."

मग शिपाई कशासाठी ठेवलाय, काशीरामला सांगू या, असं सरांनी सुचवलं. त्यावर बाईंनी त्यांना येशूची गोष्ट सांगितली. गोष्टीत रात्रीच्या जेवणाची वेळ झाली होती. पाय धुवायचं काम त्या काळी घरातल्या गड्याचं, आणि त्या रात्री गडी नव्हता. शिष्यमंडळी आपल्यात सीनियर कोण यावर हुज्जत घालत बसली होती. तेव्हा गुरू उठला, त्यानं कमरेला टॉवेल गुंडाळला आणि एकेकाचे पाय धुवायला घेतले. शाळा चालवण्याबद्दल मला जे काही कळतं ते एवढ्या गोष्टीत आलं, बाकीचं बी.एड.ला शिकवतात, असं बाई म्हणाल्या. गोरखसरांनी हे आदरानं ऐकून घेतलं आणि ते शिटी वाजवायला निघून गेले.

पाय हातात आल्यावर बाईंना शाळेची नव्यानं ओळख झाली. कुणाच्या टाचेत काटा मोडलेला, कुणी भावाची चप्पल घालून पाय सोललेला. आणि निम्म्या शाळेच्या बोटांमध्ये चिखल्या. सतत चिखलात चालून बोटांच्या बेचक्या कुजतात, खाजतात, आणि पोरं वर्गात बाकाखाली पायावर पाय घासत बसतात. बाईंनी सरकारी दवाखान्यात मिळतं ते जांभळं औषध आणलं आणि काडीला कापूस गुंडाळून बेचक्यांमधून लावायला सुरुवात केली. आठवडाभरात शाळेची बोटं जांभळी झाली. ज्यांना चिखल्या नव्हत्या तेही पाय पुढं करून रडवेला चेहरा करू लागले. बाई त्यांनाही एक ठिपका लावून देत.

हा ठिपका विचुंब्यात पोचला आणि घोटाळा झाला.

तिसरीतली रंजिता ही महादेव भोईरांची नात. महादेवबाबांनी उमेदीत मिठागरात काम केलं, मग शेती केली. शेती नव्या शहरात गेल्यावर ते ओट्यावर बसून गावाचा न्याय करत. त्यांची बायको वेणू नातीचे पाय पुसताना थबकली. रंग कुणी लावला, तर बाईंनी. कधी लावला, तर पाणी घालून झाल्यावर. वेणूआजीनं राखेनं घासून पाहिलं, रंग निघेना. मग तिचं डोकं भराभर चालायला लागलं. बाई किरिस्ताव. किरिस्ताव लोक बाटवतात ते पाणी घालूनच. आणि बाटवल्याची खूण नको का राहायला? संध्याकाळपर्यंत घराघरांतून पोरांना ओट्यावर बसवून बोटं तपासली गेली. ज्याची जांभळी, तो गेला. कुणी म्हणालं, हा रंग परदेशातून येतो आणि मेल्यावर चितेतसुद्धा जळत नाही. तिसरी-चौथीचे बाक रिकामे पडायला लागले.

संस्थेचे चिटणीस अवधूतशेठ धावत आले. त्यांचं बाजारात हार्डवेअरचं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता, फक्त आरडाओरड्याला फार भ्यायचा. बाईंनी त्यांना खुर्ची दिली. वीण सुटलेल्या जागी रुतलेल्या अवस्थेतच त्यांनी सांगितलं, की बाई, नळ सोडा, ते काम काशीरामला द्या. विचुंब्याची पोरं गेली तर दोन वर्ग बंद पडतील, आणि मग संस्थेला मुख्याध्यापक बदलण्यावाचून गत्यंतर राहणार नाही. गोरखसर तेवढ्यात दारावरून दोनदा गेले.

बाईंना राग आला, आणि रागाच्या तळाशी भीतीही होती. नळावरून उठायचं, तर काशीरामच्या हातून शुक्रीचे पाय भांडी घासावीत तसे घासले जाणार. न उठायचं, तर रंजितासारख्या पोरी घरी बसणार, आणि नवी शाळा सापडेपर्यंत त्यांतल्या निम्म्या घरकामालाच लागणार. पोरं दोन्हीकडे आपलीच. त्या संध्याकाळी प्रार्थनेत त्यांनी विचुंब्याच्या लोकांबद्दल देवाला चार गोष्टी स्पष्ट सांगितल्या, मग त्याबद्दल क्षमा मागितली, आणि सकाळी पुन्हा टॉवेल गुंडाळून नळापाशी जाऊन बसल्या.

थोड्या वेळानं महादेवबाबा आले. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात रंजिता, मागं गावातले काही बाप्ये. फाटकातच उभं राहून त्यांनी नातीचा दाखला मागितला.

"दाखला द्या. पन आदी सांगा, पानी घालताना तुमी काय मंतर म्हनता?"

"बोटं फाकव, म्हणते," बाई म्हणाल्या.

बाप्यांनी एकमेकांकडे पाहिलं. महादेवबाबांनी नातीला खरं खरं बोलायला सांगितलं. रंजितानं कवितेच्या तासाला उभं राहावं तसं ताठ उभं राहून म्हणून दाखवलं, की बोटं फाकव, टाच दाखव, हलू नको गं माकडे. मागं एका छत्रीखाली कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी औषधाची बाटली पुढं केली. महादेवबाबांनी बूच काढून वास घेतला, आणि त्यांचा चेहरा जरा सैल झाला. मिठागरात पाय चिरायचे तेव्हा दवाखान्यातला कंपाउंडर त्यांच्या पायाला हेच फासायचा. मागं वळून त्यांनी बाप्यांना तसं सांगितलं, आणि वर हेही सांगितलं, की मी मेल्यावर चांगला जळंन, काळजी करू नका.

बाईंना वाटलं, आपण जिंकलो. पण महादेवबाबांनी रंजिताचा हात सोडला नाही.

"बाटवायचं राऊ द्या, ती बायकांची बडबड," ते म्हणाले. "मना दुसरंच टोचतंय. तुमी गुरू. गुरूनं पोरीच्या पायाला हात लावायचा, आनि पोरीनं तो लावून घ्यायचा? ह्ये पाप पोरीच्या माथी चडतंय. ती फेडनार कवा?"

बाटवण्याबद्दल बाईंनी रात्रभर भाषण तयार केलं होतं. याबद्दल त्यांच्याकडे एक वाक्यही नव्हतं. आमच्यात असं पाप मानत नाहीत, असं त्या कसंबसं म्हणाल्या.

"तुमच्यात नसंल. पोर आमच्यातली हाय."

रोज इतके पाय धुतले, पण ज्याचा पाय आहे त्याच्या घरी काय वाटत असेल, हे बाईंनी एकदाही कुणाला विचारलं नव्हतं. त्यांना एकदम ओशाळल्यासारखं झालं. मग मी काय करू, असं त्यांनी विचारलं, आणि या वेळी खरंच विचारलं.

"तुमी पाय पुडं करा," महादेवबाबा म्हणाले. "आमची पोर तुमचे धुवंल. फिट्टंफाट."

बाईंनी दोन्ही पाय झटकन साडीखाली ओढून घेतले.

"छे, छे. माझे पाय कुणी धुवायचे नाहीत."

बोलल्या आणि आपलेच शब्द त्यांना ओळखीचे वाटले. त्या रात्रीच्या गोष्टीत, गुरू पाय धुवायला वाकतो तेव्हा एक शिष्य असाच पाय मागं घेतो. पेत्र त्याचं नाव. मोठा हट्टी गडी. त्यानं जवळजवळ हेच म्हटलं होतं, आणि गुरूनं त्याला सांगितलं होतं, की मग तुझं नि माझं काही नातं उरत नाही. रविवारच्या शाळेत बाई या पेत्राला बोट नाचवून रागवत असत. गोष्टीत आपण टॉवेलवाल्याच्या बाजूला आहोत याबद्दल त्यांना इतक्या वर्षांत कधी शंका आली नव्हती. पाय धुणारा माणूस वाकलेला असतो म्हणून तो खाली आहे असं वाटतं, पण देणारा शेवटी तोच असतो. केदारीबाईंना देण्याची इतकी सवय झाली होती, की घ्यायचं कसं तेच त्या विसरून गेल्या होत्या.

शिवाय एक दुसरं कारण होतं, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्या उठल्या आणि नळाशेजारच्या कट्ट्यावर बसल्या. रंजिता स्टुलावर बसली. तिला पाण्यानं भरलेला मग उचलेना, तेव्हा रांगेतून शुक्री पुढं आली आणि पाणी घालायला लागली. कातकरणीची पोर आणि भोईरांची नात एकाच दगडापाशी वाकलेल्या पाहून मागचे बाप्ये जरा चुळबुळले. महादेवबाबांनी मागं बघितलं, तशी चुळबुळ थांबली. मग त्यांनी आपली छत्री दोघींच्या डोक्यावर धरली. स्वतः पावसात उभे राहिले.

"बाई, बोटं फाकवा," रंजिता म्हणाली.

बाई काही फाकवेनात. रंजितानंच ती फाकवली, आणि खाली वाकून बघितल्यावर तिचा आवाज चढला. बाईंना चिखल्या! महिनाभर पाण्यात पाय सोडून बसल्यावर दुसरं काय होणार होतं? पण दुसऱ्यांना दटावणाऱ्या बाई स्वतः गुपचूप पायावर पाय घासत होत्या, ही बातमी रांगेत शेवटपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. सगळी शाळा बघायला गोळा झाली. गोरखसरांनी शिटी वाजवली. कुणी हललं नाही, आणि मग सरही मान उंच करून बघायला लागले.

"दाखला राऊ द्या," महादेवबाबा म्हणाले. "पोर येईल. बाकीच्यांना मी सांगतो. पन रोज सगल्या पोरांचं झालं, का शेवटी तुमी इथं बसायचं. कबूल?"

बाईंनी मान डोलावली. आई गेल्यापासून त्यांच्या पायाला कुणाचा हात लागला नव्हता. दोन लहान हात टाच घासत होते, घोट्यावरून पाणी उतरत होतं, आणि बाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते त्यांना थांबवता येईना. शुक्रीनं टॉवेल मागून घेतला आणि पाय कोरडा केला. रंजितानं काडीला कापूस गुंडाळला, बाटलीत बुडवला आणि सगळ्या बेचक्या नीट जांभळ्या केल्या. मग तिनं मान वर करून बाईंच्या तोंडाकडे पाहिलं.

"झोंबतंय का, बाई?"

"हो गं," बाई म्हणाल्या.

ते औषध झोंबत नाही, हे रंजिताला चांगलं ठाऊक होतं. तरी ती पुन्हा खाली वाकली आणि बाईंच्या बोटांवर हळू हळू फुंकर घालत राहिली.