न प्यालेल्या दारूची तौबा

पूर्णगडच्या जेटीवर युनूस सोलकर झोकांड्या खात चालायचा. दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस, पण गाव म्हणे, बापासारखाच पितो.

शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूचा आजार आहे, तोल जातच राहणार, औषध नाही. बापाकडून आलाय, मुलांतही उतरू शकतो.

"आता तरी गावाला खरं सांगा," बायको सकिना म्हणाली.

युनूसने नकारार्थी मान हलवली. लेकीचं, आफरीनचं, लग्न ठरत होतं. दारुड्याची पोरगी लोक करून घेतात, असल्या आजाराच्या घरात सोयरीक कोण करणार?

जुम्म्याच्या नमाजानंतर त्याने सगळ्यांसमोर दारूची तौबा केली. लोकांनी त्याला मिठी मारली.

घरी आफरीनने चहा आणला. अर्धा बशीत सांडला होता.