आईचा समुद्र आणि तांबडीची धार

अन्याय माझ्या आईवर झाला. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, संध्याकाळच्या धारेच्या आधी, आमच्याच ओट्यावर, चहाचे कप हातात असताना. तिला समुद्र दाखवायचा म्हणून मुंबईची एक दिवसाची सहल ठरत होती आणि त्या सहलीतून तिलाच वगळलं गेलं. ठराव कुणी मांडला नाही, हात कुणी वर केला नाही, तरी तो एकमताने मंजूर झाला. घरातल्या बाईविरुद्धचे ठराव असेच मंजूर होतात.

आम्ही काष्टीजवळ वस्तीवर राहतो. आमच्याकडे पाणी पाळीने येतं. कालव्याला पाणी सुटलं की आपली पाळी येईपर्यंत बांधावर बसायचं, पाळी आली की दारं धरायची म्हणजे पाणी एकेका वाफ्यात वळवायचं, वरच्याने पाटाचं दार उशिरा बंद केलं म्हणून त्याच्याशी भांडायचं, खालचा आपल्याशी भांडायला येतो त्याला चहा पाजायचा. आईचं निम्मं आयुष्य यात गेलं. एकदा मोबाईलवर कुणाच्या तरी फिरायला गेल्याच्या व्हिडिओत तिला लाट दिसली. तिने तो व्हिडिओ परत लावायला सांगितला.

"एवढं पानी हाय, आन् कुनाचीच पाळी न्हाई?"

"नाही."

"मग तिथली मानसं भांडत्यात कशावरनं?" पुन्हा मोबाईलकडे बघत म्हणाली, "एकदा बघायला पायजे."

आमच्या घरात आईच्या तोंडी 'पायजे' हा शब्द गुरांना पेंड पायजे, चहाला साखर पायजे, इतक्यापुरताच येतो. स्वतःसाठी तिने तो पहिल्यांदा वापरला. मी पत्रकं लिहिते. स्टँडवर बायकांसाठी मुतारी हवी, कॉलेजच्या पोरींना वेळेवर एसटी हवी, असल्या मागण्यांची. मागणी कानावर पडली की मला स्वस्थ बसवत नाही. मी घरात जाहीर केलं, आईला समुद्र दाखवायचा, मागणी एकच.

चूक एवढीच झाली की हे नानांसमोर जाहीर केलं.

नाना म्हणजे माझे चुलते, शेजारच्याच घरात काकी आणि पोरांसह राहतात. तरुणपणी काही महिने ते मुंबईत होते. तेवढ्या जोरावर मुंबईचा विषय निघाला की इतर कुणाला बोलू देत नाहीत. त्या रविवारी ओट्यावर मांडी घालून त्यांनी बेत मांडला.

"पयलं गेटवे. मग म्युझियम. मग राणीची बाग. मग इमानतळ."

"विमानतळावर कशाला? कुठं जायचंय?" मी विचारलं.

"जायचं कुठंच न्हाई. भायेर हुभं ऱ्हायाचं. इमान उतरताना त्याचं पोट दिसतं."

"आणि समुद्र?"

"समुद्र वाटंनं दिसतोच की. डाव्या अंगाला."

"आई उजवीकडं बसली तर?"

"मग येताना दिसंल."

माझे वडील, त्यांना आम्ही आण्णा म्हणतो, भिंतीला टेकून होते. ते म्हणाले, "समुद्रात काय बघायचं, खारं पानी. मी मोर्चाला गेल्तो तवा पाह्यलाय." हे वाक्य मी मनात जपून ठेवलं. चळवळीत माणूस हे शिकतं.

काकींना भाचीच्या साखरपुड्यासाठी दादरला साड्या बघायच्या होत्या. तेही बेतात आलं. मग नानांना आठवलं की भाड्याची जीप मुंबईला चाललीच आहे तर वर कॅरिअर रिकामा नेणं बरं दिसत नाही. आमच्या भागात कुठलंही वाहन कुठंही रिकामं जात नाही. वरातीच्या टेम्पोतसुद्धा नवरीच्या मागे एखादं पोतं असतं. तेव्हा कॅरिअरवर कांद्याच्या गोण्या टाकायच्या आणि जाता जाता वाशीच्या मार्केटला उतरवायच्या, असं ठरलं. मार्केट रविवारी बंद, म्हणून सहल गुरुवारी. पोरांच्या शाळेचा प्रश्न कुणी काढला नाही, पोरांनी तर नाहीच.

इथवर मी भांडले नव्हते. समुद्र डाव्या अंगाला गेला होता, पण निदान बेतात होता.

मग आण्णांनी विचारलं, "आन् तांबडीची धार?"

सगळे कप थांबले. आमच्याकडे दोन गाई. काळी-पांढरी गाय कुणीही पिळावी, तिला फक्त पुढ्यात पेंड लागते. तांबडी मात्र आईशिवाय कुणालाही दूध देत नाही. वर ओढून धरते. चोरते म्हणा ना. दूध तसंच राहिलं तर कास दगडासारखी होते. सगळं वासराला पाजावं तर त्याला हगवण लागते. शेजारच्या मावशींनी मागे एकदा प्रयत्न केला, त्यांची बादली हौदापर्यंत गेली. मला तर ती जवळही येऊ देत नाही, कारण डॉक्टर लस टोचायला आले की तिची मान मी धरते आणि ती ते विसरलेली नाही.

सगळ्यांनी आईकडे पाहिलं.

आई म्हणाली, "जावा तुमी. मी ऱ्हाते."

"वैनी, आमी व्हिडिओ आनू की," नाना म्हणाले. "आवाजासकट."

म्हणजे समुद्र मोबाईलवर पाहून जिने तो बघायचा म्हटलं, तिला समुद्र पुन्हा मोबाईलवरच मिळणार होता. कांद्याला गाडीत जागा होती. इमानाच्या पोटाला बेतात जागा होती. मी ओट्यावरून उठून गेले. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण मी बऱ्याचदा उठून जाते.

सोमवारी मी पत्रक लिहिलं. मथळा: 'जिची सहल, तीच घरी का?' खाली तीन मुद्दे आणि एक इशारा. गव्हाच्या पिठाची खळ करून ते गोठ्याच्या खांबाला चिकटवलं, कारण अन्यायाची जागा तीच होती. आण्णांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, "खाली सही न्हाई." आई म्हणाली, "पीठ कशाला वाया घातलंस?" दुपारी जाऊन पाहिलं तर खांबावर एक कोपरा उरला होता. बाकीचं पत्रक तांबडीने खाल्लं होतं. तिला खळ आवडली होती. माझ्या पत्रकांचा आजवर इतका पूर्ण फडशा कुणीच पाडला नव्हता.

त्यावर सगळे हसत होते तेव्हा काकी सहज बोलून गेल्या. काकींचं माहेर अकोले तालुक्यातलं, डोंगरात.

"आमच्याकडं आई आजारी पडली का बाप तिचं लुगडं गुंडाळून बसायचा धारंला. वासानं फसती गाय."

हसणं थांबलं. सगळ्यांनी आण्णांकडे पाहिलं. रविवारपासून पहिल्यांदाच बघायची दिशा बदलली होती.

"मी?" आण्णा म्हणाले. "मला कंबरंचा तरास हाय."

"आईला पण आहे," मी म्हणाले.

"मग नाना बसू द्या."

"मी बसलो तर ड्रायव्हरला रस्ता कोन सांगंल?" नाना म्हणाले.

"आन् मग मी सहलीला जायाचं न्हाई व्हय?" आण्णा म्हणाले.

"समुद्रात काय बघायचं, आण्णा? खारं पाणी. तुम्ही मोर्चाला गेल्ता तवा पाहिलाय."

आण्णांनी माझ्याकडे जे पाहिलं त्याला मी कौतुक समजते.

मंगळवारी संध्याकाळी तालीम झाली. आईची धारेची एक हिरवी जुनी साडी गोठ्यातच खुंटीला असते. तिला पेंडीचा, शेणाचा, दुधाचा वास येतो. ती आण्णांनी पायजम्यावरून गुंडाळली. पदर डोक्यावर घेताना टोपी काढायची की ठेवायची यावर थोडी चर्चा झाली. टोपी राहिली. आई कडब्याच्या गंजीमागे लपली, आम्ही दाराशी. वासरू पान्ह्यापुरतं सोडलं, मग ओढून बांधलं. आण्णा बादली गुडघ्यात धरून बसले. तांबडीने मान वळवून पदर हुंगला, पायही उचलला नाही, पण दूधही सोडलं नाही.

गंजीमागून आवाज आला, "अवं, बोला की तिच्याशी."

"काय बोलू?"

"मी बोलते ते."

"तू काय बोलतीस?"

इतक्या वर्षांत आण्णांना हे माहीत नव्हतं. धारेच्या वेळेला ते ओट्यावर चहाची वाट बघत असतात.

गंजीमागे कडबा खसखसला. मग आई म्हणाली, "तुमची गाऱ्हानी सांगते."

नानांनी तोंडात उपरणं कोंबलं.

"म्हना, ह्या मानसानं आजबी सांगितल्याबिगर हौद भरला न्हाई."

आण्णा इकडेतिकडे पाहत हळू आवाजात म्हणाले, "ह्या मानसानं आजबी सांगितल्याबिगर हौद भरला न्हाई."

"माझ्या भावाच्या घरी जायाचं म्हनलं की ह्याचं पोट दुखतं."

"माझ्या भावाच्या घरी... हे कवा झालं?"

"थांबू नगा. तिला मधी थांबलेलं चालत न्हाई."

"...जायाचं म्हनलं की ह्याचं पोट दुखतं."

बादलीत चर्र आवाज झाला. मग दुसरा. गाऱ्हाणी सुरू राहिली आणि धारही. बटाट्याच्या भाजीला नावं ठेवल्याचं गाऱ्हाणं आलं तेव्हा आण्णांचा आवाज चांगलाच खुलला होता, जणू त्यांनाही त्या माणसाचा राग येत होता. बादली भरली.

आई गंजीमागून बाहेर आली. तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. ती तांबडीकडे बघत म्हणाली, "म्हंजे तुला मी लागतच नव्हते. माझी साडी आन् माझं रडगानं पुरत हुतं." आणि ओट्यावर जाऊन बसली. धारेच्या वेळेला ओट्यावर बसलेली आई मी तोवर पाहिली नव्हती. हात कुठे ठेवायचे ते तिला कळत नव्हतं, मांडीवर ठेवून पाहिले, मग पदरात घेतले. आण्णांनी, साडी तशीच अंगावर, तिला चहा आणून दिला. चहात साखर नव्हती. तिने तो तसाच संपवला. मला वाटतं, ते गाऱ्हाणं तिने राखून ठेवलं.

मग काकींना हाक मारून म्हणाली, "अगं, समुद्रावर चप्पल कंची घालायची?"

गुरुवारी आम्ही गेलो. कांदाही आला, तो मुद्दा मी हरले. वाशीला इतका वेळ गेला की गेटवे, म्युझियम, राणीची बाग, विमानतळ आणि दादर सगळंच गळालं. काकी आजही गोण्यांकडे रागाने बघतात. मी आईला डाव्या खिडकीशी बसवलं होतं, पण त्याची गरज पडली नाही, कारण वेळ फक्त समुद्रापुरताच उरला होता.

आईने चपला हातात घेतल्या आणि घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहिली. लाट येई, परत जाई. ती शोध घेतल्यासारखी दोन्ही बाजूंना बघत होती.

"खरंच गं," ती म्हणाली. "कुनीच दारं धरीत न्हाई."

वरून विमान गेलं. नाना ओरडले, "पोट बघा, पोट." कुणी वर पाहिलं नाही.

ऊन उतरलं तसं तिने मला घरी फोन लावायला सांगितला. धारेची वेळ झाली होती. पलीकडून आण्णा म्हणाले, "निम्मी झालीया. पर गाऱ्हानी संपली. आजून हायेत का?"

"लई हायेत," आई म्हणाली, आणि पाण्यात उभ्या उभ्या सांगायला लागली.

आता तुम्ही. तुमच्याही घरात कुणीतरी 'जावा तुमी, मी ऱ्हाते' म्हणालेलं आहे आणि तुम्ही तिला व्हिडिओ आणून दिलेला आहे. पुढच्या सहलीची गाडी सांगण्याआधी तिच्या जागी जाऊन बसा. गोठा असेल तर गोठ्यात, नसेल तर गॅसच्या ओट्यापाशी. तिची साडी अंगावर घ्या आणि ती रोज तिथं तुमच्याबद्दल काय बोलते ते तिलाच विचारून, मोठ्याने, स्वतःच्या तोंडाने म्हणा. आज संध्याकाळी. तुमचा चहा पिऊन झाल्यावर नाही, त्याच्या आधी.