दाबलं न जाणारं बटण

खराडीतल्या आयटी पार्कमध्ये मी टेस्टर होते, म्हणजे वेबसाइट नीट चालते का ते तपासणारी. परदेशातल्या एका हॉस्पिटलची वेबसाइट आमच्याकडे होती. पेशंटने घरबसल्या डॉक्टरांची वेळ घ्यायची, एवढंच तिचं काम. प्रत्येक बटण प्रत्येक ब्राउझरमध्ये हाताने दाबून माझं मनगट सुजलं, म्हणून बटणं आपोआप दाबून तपासणारी स्क्रिप्ट मी लिहायला घेतली. माउस बटणावर आला, दाबला, सोडला, हे सगळं खोटंखोटं घडवायचं. नव्या ब्राउझरला ते एका पद्धतीने सांगायचं, जुन्याला भलत्याच. डोकं फुटायची वेळ आली, पण जमलं. सगळे निकाल हिरवे, म्हणजे पास, दिसू लागले. मॅनेजर खूश.

एकदा सहज जुन्या ब्राउझरमध्ये मी स्वतः वेळ घेऊन बघितली. शेवटचं बटण दाबलंच जाईना. त्याच्यावर एक पारदर्शक थर राहून गेला होता. माझी स्क्रिप्ट क्लिक थेट बटणाच्या हातात नेऊन देत होती, तिला थराशी देणंघेणं नव्हतं. माणसाचा माउस मात्र थरावरच अडकत होता.

मी मॅनेजरला बोलावलं.

"रिपोर्ट हिरवा आहे ना?" तो म्हणाला.

"अहो सर, वेबसाइट माणसं वापरणार आहेत, स्क्रिप्ट नाही. तुम्ही दाबून बघा."

त्याने दाबलं. परत दाबलं. मग माउस सरकवून म्हणाला, "जुना ब्राउझर वापरतंय कोण आता?"

"म्हातारी माणसं. हॉस्पिटलात तीच जास्त जातात."

"उद्या डिलिव्हरी आहे. हिरवं आहे, हिरवंच जाऊ दे."

तसंच गेलं. आठवड्याभरात तक्रारी आल्या. क्लायंट फोनच्या स्पीकरवर, आम्ही सगळे टेबलाभोवती. मॅनेजर शांतपणे म्हणाला, "टेस्टिंगकडून राहून गेलं." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी फोनकडे वाकून म्हणाले, "राहून गेलं नव्हतं. मी आधीच दाखवलं होतं. यांनी स्वतः बटण दाबून बघितलं होतं."

त्याने झटकन फोनचा आवाज बंद केला. "बाहेर चल."

"नाही येणार. आधी फोन चालू करा."

चालू करावाच लागला. पलीकडच्या बाईने माझं बोलणं आधीच ऐकलं होतं. तिने फक्त विचारलं, "दुरुस्त कधी होईल?"

थर दुसऱ्या दिवशी निघाला. स्क्रिप्टही मी बदलली. क्लिक करण्याआधी त्या जागी सगळ्यात वर काय आहे, हे ती ब्राउझरला विचारू लागली. दुसरं काही असलं तर निकाल लाल. क्लायंटने आभार मानले, मॅनेजरचे.

वर्षअखेरीला तो मला म्हणाला, "काम उत्तम आहे तुझं. बोलणं तेवढं सांभाळ."

"म्हणजे खोटं बोलू?"

"हे असं बोलणं. हेच म्हणतोय मी."

मी नोकरी सोडली. पुढे त्याला बढती मिळून तो अमेरिकेला गेल्याचं कळलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.