काकूंच्या हातचं पुरण

दोन्ही तळहात एकमेकांवर आपटून पीठ झाडावं तसे काकू हात झाडायच्या आणि म्हणायच्या, "सुटली मी, माय." हाताला पीठ असो नसो. भाजीवाल्याशी घासाघीस संपली तरी हेच, काकांशी भांडण मिटलं तरी हेच. पण ज्या दिवशी मी हे पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी त्या खरोखरच सुटल्या होत्या. पाळी बंद होऊन वर्ष झालं होतं आणि काकू गल्लीत पेढे वाटत होत्या.

बायकांना कारण ठाऊक होतं, त्या पदरात तोंड लपवून हसत होत्या. एका म्हाताऱ्याने पेढे कशाचे म्हणून विचारलं, तर काकू म्हणाल्या, "पेन्शन चालू झाली मले."

मी या गावच्या हायस्कुलात मराठी शिकवते. मंगरूळपीरहून येणारी जीप जिथे वळते तिथेच आमचं गाव संपतं. काकूंचं घर आणि माझं घर यांची भिंत एक. चारचौघांत त्या मला मॅडम म्हणायच्या, एकटं असलं की मास्तरीन.

पेन्शन हा शब्द त्यांनी उगाच वापरला नव्हता. लग्न होऊन आल्यापासून दर महिन्याचे ते दिवस त्यांनी गोठ्याला लागून असलेल्या खोलीत, पोत्यावर काढले होते. सासू लांबून भाकर कशी टाकायची याची त्या नक्कल करायच्या. कुत्र्याला आणि सुनेला एकाच हाताने, एकाच नजरेने. नक्कल इतकी हुबेहूब असायची की आम्ही पोट धरून हसायचो. आता मला फक्त ते पोतं आठवतं.

गल्लीच्या टोकाला एक मोठं घर आहे. भाद्रपदात तिथे महालक्ष्म्या बसतात, साऱ्या गावाच्या मानाच्या. पितळी मुखवटे, सोळा भाज्या, आंबील, पुरण. नैवेद्याचा स्वयंपाक कडक सोवळ्यात. तो करायला सगळ्यांत निर्धोक बाई कोणती, तर जिचा नवरा जिवंत आहे आणि पाळी गेली आहे. ऐन सणात विटाळाची भीती नाही. अशी बाई तुमच्याही गावात असेल, आणि श्रावण सरत आला की तिचा भाव कसा वधारतो तेही तुम्ही पाहिलं असेल. मोठ्या घरच्या आत्याबाईंनी उभ्या आयुष्यात काकूंना अंगणाच्या आत घेतलं नव्हतं. त्या वर्षी त्या स्वतः चालत आल्या, काकूंच्या खाटेवर टेकल्या आणि देवीचा स्वयंपाक तुमच्या हाती म्हणाल्या.

सण झाल्यावर काकू माझ्याकडे आल्या. पुरण किती मऊ झालं, लोक किती जेवले, यातलं काहीच त्यांनी सांगितलं नाही. "मले देवघरात पाटावर बसवलं, मास्तरीन," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "पाटावर."

पुढच्या वर्षी श्रावणात त्यांना परत रक्त दिसलं.

मला ते दोरीवरून कळलं. एका जुन्या लुगड्याखाली दुसरं काहीतरी वाळत असायचं, आणि काकू ऊन सरकेल तसं वरचं लुगडं सरकवत राहायच्या. मी विचारलं तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "दिवा इझता इझता मोठा होते ना, तसं होय थे. पाळी जाता जाता भडकते."

हे वाक्य काकूंचं नव्हतं. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक बाईला ते तिच्या आईने, सासूने दिलं आहे. पाळी जायच्या आधीची काही वर्षं ती मागेपुढे होते, कधी थेंबभर जाते, कधी अंगावरून धो धो जाते, हे खरं आहे. तेव्हाही फार गेलं तर दाखवावंच लागतं. पण वर्षभर पूर्ण बंद होऊन पुन्हा रक्त दिसलं, तर तो विझणारा दिवा नसतो. अकोल्याची माझी बहीण पाळी जाताना अंगातून वाफा निघायच्या म्हणून हार्मोनच्या गोळ्या घेते. त्या सुरू करण्याआधी तिची सगळी तपासणी झाली, आणि अवेळी रक्त दिसलं तर लगेच या, असं तिला पहिल्याच दिवशी बजावलं गेलं. मी काकूंना हे सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं. मग म्हणाल्या, "महालक्ष्म्या होऊ द्या."

मी हट्टाने त्यांना तालुक्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर खुर्चीवरून उठले नाहीत. पाळी कधी बंद झाली होती, हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगू लागले तर मला हाताने थांबवलं. या वयात असं चालतंच, फार वाटलं तर पिशवी काढून टाकू, असं म्हणून त्यांनी रक्तवाढीच्या गोळ्या लिहिल्या. माझ्या तोंडून जे काकूंना पटलं नव्हतं, ते आता डॉक्टरांनीच खोटं ठरवलं. परतताना जीपमध्ये त्यांनी हात झाडले.

रक्त थांबलं नाही, तेव्हा त्या औषधांच्या दुकानात गेल्या. लग्नघरातल्या पोरी पाळी पुढे ढकलायला नेतात, त्याच गोळ्या त्यांनी मागितल्या. दुकानदाराने वय विचारलं नाही. कागदात गुंडाळून दिल्या आणि वर म्हणाला, "देवाचं काम हाय, घेऊन जा." गोळ्यांनी रक्त तेवढ्यापुरतं कमी झालं. आत जे वाढत होतं ते वाढतच राहिलं.

सणाच्या दिवशी मी मोठ्या घरी जेवायला गेले. काकू चुलीपुढे होत्या, ओठ पांढरे पडलेले, पुरणात फिरणारा हात मात्र थांबत नव्हता. आत्याबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, यांच्या हाताला देवीची चव आहे. मी पानावर बसले आणि उठले. काय खाल्लं ते आठवत नाही.

गोळ्या बंद झाल्या आणि काकूंना कपडा पुरेना. काकांना विचारलं तर ते म्हणाले, बायकांचं बायकांले माहीत. शेवटी अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात गर्भाशयाच्या आतला तुकडा काढून तपासला गेला. कर्करोग होता, आणि तो पिशवीबाहेर गेला होता. वेळेवर आणलं असतं तर, एवढंच तिथली तरुण डॉक्टरीण म्हणाली. तिने तरी वाक्य अर्धं सोडलं. बाकीच्यांनी त्याची सुरुवातही केली नाही.

शेवटच्या दिवसांत काकूंना दुखण्यापेक्षा दुसरंच खात होतं. एका दुपारी त्यांनी माझा हात धरला. "देवीनं केलं हे," त्या म्हणाल्या. "मी इटाळात पुरण शिजवलं तिचं."

मी म्हणाले, "काकू, गाठ त्याच्या आधीपासून होती. देवीला एवढं कळत असतं, तर तिने तुम्हाला चुलीपुढून उठवून दवाखान्यात पाठवलं असतं."

त्या हसल्या. "तुमी देवीलेबी शिकवान, मास्तरीन." मग हसू गेलं. "पण कोणाले सांगू नोका. पाट काढून घेतीन माह्या खालचा." मी शब्द दिला.

होळीच्या आधी त्या गेल्या. तेरवीला बायका म्हणत होत्या, भाग्याची, कुंकवासहित गेली. एकीने सुस्कारा टाकला, पाळी जाता जाता असं होतेच. मी ताटावरून उठले आणि हात धुतले. मी मोठ्याने बोलणारी बाई नाही. वर्गातसुद्धा मागच्या बाकांना माझा आवाज पोचत नाही.

या वर्षी सणाच्या आधी आत्याबाईंनी मला बोलावून घेतलं. अंगणात बायका बसल्या होत्या, मुखवटे पेटीतून काढून पुसणं चाललं होतं. काकूंची धाकटी जाऊ त्यांतच होती. ती शेजारणीला हळूच सांगत होती, मले दोन वर्षांनी परत दिसून राह्यलं, दिवा इझता इझता. मी ते ऐकलं आणि तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "मॅडम, तुमचे मालक हायेतच. तुमचं गेलं असंल ना आता? काकूच्या पाटावर बसान का?"

काकूंना दिलेला शब्द मी तेरवीपासून सांभाळला होता. तो मी तिथेच मोडला.

"माझी अजून जाते-येते," मी म्हणाले. "आणि काकूंनी मागच्या वर्षी तुमचं पुरण शिजवलं, तेव्हा त्यांच्या अंगावरून जात होतं. तुमचा पाट सुटू नये म्हणून त्यांनी ते लपवलं आणि त्यात त्या मेल्या. वर्षभर बंद होऊन परत दिसलं की दवाखान्यात जायचं असतं."

शेवटचं वाक्य मी धाकट्या जावेकडे बघून म्हटलं. माझा आवाज फाटकाबाहेर गेला असावा, कारण रस्त्यावरचा माणूस थांबला.

आत्याबाईंनी हातातला मुखवटा खाली ठेवला. मग सुनेला हाक मारून म्हणाल्या, "मुखवटे घासून काढ. चिंच घे, गोमूत्र घे. भांडेबी सारे."

त्यांनी ऐकलं ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी जाऊ माझ्या दारापुढे उभी होती. पायरी चढली नाही. "जीप कवा निघते, मॅडम?" तिने विचारलं. मी चप्पल घातली.

मोठ्या घरावरून जाताना ओट्यावर दोन्ही मुखवटे उन्हात वाळत ठेवलेले दिसले. घासून कुंकू गेलं होतं, रंगवलेले डोळे तेवढे उरले होते. जीप वळेपर्यंत ते आमच्याकडे बघत होते.