टेकडीमागची पायवाट

आजवर हे माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. दोनदा अगदी जिभेवर आलं होतं — एकदा बायकोसमोर, एकदा दवाखान्याच्या पायऱ्यांवर — आणि दोन्ही वेळा मी विषय बदलून चहा मागवला. आज तुम्ही समोर बसला आहात असं समजतो आणि सांगून टाकतो. मध्येच अडखळलो तर थांबा थोडं.

मी गोल्फची मैदानं आखतो. हसलात ना? बीडचा माणूस आणि गोल्फ! उन्हाळ्यात आमच्याकडे लोक टँकरची वाट बघतात आणि हा गडी हिरवळ लावत फिरतो. हसा, माझे मामाही हसतात. पण हा धंदा आहे, आणि तो करणारे इतके थोडे आहेत की सगळे एकमेकांना ओळखतात. ओळखतात आणि एकमेकांच्या कामावर डोळा ठेवून असतात.

शिरीष त्यातलाच. पुण्यात आम्ही दोघं एकाच गुरूच्या हाताखाली शिकलो, एका खोलीत राहिलो, एकाच डब्यातून जेवलो. तो माझ्यापेक्षा चांगला होता. हे लिहितानाही — बघा, किती वर्षं झाली — जीव कसानुसा होतो. मी आधी कागदावर आखायचो आणि मग ते जमिनीवर बसवायचो. तो आधी दिवसचे दिवस नुसता जमिनीवरून चालायचा. गुरुजी त्याच्या आखणीकडे बघत गप्प राहायचे आणि माझी आखणी बघून ‘छान’ म्हणायचे. त्या ‘छान’ने माझ्या पोटात किती दुखायचं, ते त्याला कधी कळलंच नाही.

मग आबांचं काम आलं. आबा म्हणजे आमच्या भागातले बडे जमीनदार, राजकारणातलं वजनदार माणूस. पालीच्या पुढे, धरणाचं पाणी दिसतं तिथे त्यांची माळाची जमीन. तिथे त्यांना हॉटेल काढायचं होतं आणि सोबत गोल्फ. मी आराखडा दिला, शिरीषनेही दिला. आबांनी त्याचा निवडला. मला बोलावून म्हणाले, “त्येंचं काम लई भारी हाय, इंजिनेर. पन तू आपला मानूस. तू हितं थांब, पोरांवर नजर ठेव, कुंपनाचं बघ.” माझ्याच जिल्ह्यात, माझ्याच मातीत, मी शिरीषचा मुकादम झालो! मान डोलावून बाहेर आलो आणि गाडीत बसून स्टिअरिंगवर मूठ आपटली.

आधी तीन होल, म्हणजे फटक्याच्या जागेपासून खड्ड्यापर्यंतचे तीन पट्टे, करायचे, गुढीपाडव्याला पाहुण्यांना दाखवायचे, बाकीचं नंतर, असं ठरलं. दिवाळी होऊन गेली होती. शिरीष माळावरून चालायला लागला, मी मागे मागे. दुसऱ्या होलची जागा त्याला एका लांबट टेकडीपाशी सापडली. इकडून फटका मारायचा, चेंडू टेकडीच्या खांद्यावरून पलीकडे जायचा — कुठे पडला ते मारणाऱ्याला दिसत नाही, चालत जाऊनच बघायचं. सुंदर होती ती जागा. मला सुचली नव्हती.

टेकडीमागे उजव्या अंगाला सहा-सात घरांची वस्ती होती. दारांना कुलपं, चुली गार, अंगणात गवत वाढलेलं. वस्तीपासून खालच्या विहिरीकडे एक पायवाट जायची, तिच्यावरही गवत आलं होतं. शिरीष तिथे बराच वेळ उभा राहिला. मग मला म्हणाला, “अरे, इथे लोक राहतात का? ही वाट वापरात आहे का?”

बीडमधल्या कुठल्याही शाळकरी पोराने सांगितलं असतं. वस्ती ऊसतोडीला गेली आहे. दिवाळीनंतर कुलपं लागतात, कारखाने बंद झाले की उघडतात. म्हातारी माणसं तेवढी गावात कुणाकडे तरी ठेवतात. शिरीष पुण्याचा, त्याला कुठून ठाऊक? त्याने विचारलं — विचारलं हो त्याने. आणि मी म्हणालो, “नाही. कायमचे सोडून गेलेत. वाट बंद आहे.”

का म्हणालो? तेव्हा मी स्वतःला सांगितलं ते असं: लोक परततील, वाट अडवली म्हणून बोंब मारतील, आबा मतांच्या भीतीने होल उखडायला लावतील, आणि शिरीषची चारचौघांत बरी जिरेल. एवढंच. नुसती फजिती. पण मी मैदानं आखतो ना? नवख्या माणसाचा चेंडू उजवीकडे भरकटतो, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवतात. आबांचे सगळे पाहुणे नवखेच असणार होते. आणि वाट उजवीकडे होती.

होळी झाली. कारखाने एकेक करून बंद पडायला लागले. रस्त्याने ट्रॅक्टर परतताना दिसायचे — वर भांडीकुंडी, गोधड्या, त्यांवर बसलेली पोरं, मागे बांधलेली शेळी. दरवर्षीचं दृश्य. त्या वर्षी मात्र प्रत्येक ट्रॅक्टर दिसला की मी काम सोडून बघत राहायचो. हा त्या वस्तीचा असेल का? पुढच्या वळणावर तो सरळ निघून गेला की मी पुन्हा कामाला लागायचो. मग दुसरा यायचा. शिरीष रोज संध्याकाळी विचारायचा, “काही राहिलंय का रे?” टेकडीमागचं कुंपण राहिलं होतं. ते माझ्याकडे होतं. मी म्हणायचो, “काही नाही.”

पाडव्याला टेकडीच्या होलसमोर मांडव पडला, गुढी उभी राहिली, पाहुणे आले. आबा नवी टोपी घालून खुर्च्यांमधून फिरत होते. पहिल्या दोघांचे चेंडू टेकडीपर्यंत पोचलेच नाहीत, सगळे हसले. तिसरा तगडा गडी होता. त्याने जोर लावून मारला. चेंडू उंच गेला, हवेत उजवीकडे वळला आणि टेकडीआड दिसेनासा झाला. टाळ्या पडल्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. टेकडीवरून एक लहान मुलगी धावत येताना दिसली. ती ओरडत होती, पण टाळ्यांत ऐकू येत नव्हतं.

तिची आई, शोभा, विहिरीवरून घागर घेऊन येत होती. चेंडू डाव्या डोळ्यावर बसला होता. तिचा नवरा विलास तिला हातांवर उचलून आमच्या मांडवात आला — कुठे न्यायचं ते त्याला समजत नव्हतं, माणसं दिसली तिकडे आला. शिरीषने तिला स्वतःच्या गाडीत घालून बीडला नेलं. डोळा गेला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात आबा शिरीषवर कडाडले, “तिथं मानसं ऱ्हात्यात, वाट हाय, तुमी कुनाला इचारलं न्हाई का?”

मी हाताच्या अंतरावर उभा होतो. भिंतीला टेकून. शिरीषने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “नाही. कुणालाच विचारलं नाही. चूक माझी आहे.”

नंतर पायऱ्यांवर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “तुलाही माहीत नव्हतं. तुझं नाव कशाला घेऊ? आखणी माझी होती.” तेव्हाच ते माझ्या जिभेवर आलं होतं. मी चहा मागवला. तो प्यालाही.

त्याने नंतर मैदान आखलं नाही. पुण्यात कुठल्याशा कंपनीत नोकरी करतो. आबांनी उरलेलं काम मला दिलं. मी टेकडीचं होल बुजवलं, वाटेच्या कडेने झाडं लावली, आणि आता लोक मला बोलावतात ते ‘माणसांचा विचार करून आखणारा’ म्हणून. विलास आणि शोभाचं काय झालं? ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरली जाते. एका डोळ्याने उसाच्या फडात पात्याखाली हात घालता येत नाही. पुढच्या हंगामात टोळी नेणाऱ्या मुकादमाने त्यांना गाडीत घेतलंच नाही. वस्तीतली बाकीची कुलपं लागली, यांचं दार उघडं राहिलं.

इथवर आलो आणि खरी गोष्ट अजून तशीच राहिली आहे. वाचताना तुम्हाला वाटलं असेल, हा एक खोटं बोलला, मग ते हाताबाहेर गेलं. मीही बरीच वर्षं तसंच म्हणत आलो. पण तसं नाही.

पाडव्याच्या सकाळी, पाहुणे यायच्या आधी, मी एकटा त्या टेकडीवर चढलो होतो. पलीकडे वस्ती रातोरात परतली होती, चुली पेटल्या होत्या. दारात गुढ्या होत्या. एक बाई पायवाटेवरून विहिरीकडे चालली होती, मागे एक लहान मुलगी. मी त्यांना पाहिलं. नीट पाहिलं. टेकडीवर लाल फडकं देऊन एक पोरगं उभं केलं असतं तरी पुरे होतं. शिरीषला एक हाक मारली असती तरी. मी खाली आलो, हात-पाय धुतले आणि पुढच्या रांगेत खुर्ची धरून बसलो. त्याची फजिती नीट दिसावी म्हणून पुढच्या रांगेत. यापेक्षा वेगळं काही माझ्या मनात होतं, असं मला म्हणता येत नाही.

शोभा आता माझ्याच मैदानावर गवत खुरपायला येते. मीच लावलं तिला कामाला. गेल्या आठवड्यात गेलो होतो तर उठून उभी राहिली. मला बघायला तिला सगळी मान वळवावी लागते. बोलता बोलता म्हणाली, “साहेब, एक इचारू? त्या पुन्याच्या सायबानं कामून कुनाला इचारलं नसंल? हितं कुनीबी सांगितलं असतं की.”

मी म्हणालो, “हो. विचारायला पाहिजे होतं त्याने.”

ती “व्हय ना” म्हणाली आणि पुन्हा खाली बसून गवत काढायला लागली.