मालूबाईची बांधावरची फेरी

गडबच्या मालूबाईचं वजन हा गावाचा विषय होता, आणि गावाला एकदा विषय मिळाला की तो सहजी सुटत नाही. हायवेच्या कडेला हैबतरावांची भाताची गिरणी होती. तिथल्या पोत्यांच्या काट्यावर मालूबाई महिन्याच्या महिन्याला उभी राहायची, आणि हैबतराव आकडा असा ओरडून सांगायचे की पलीकडच्या टपरीवरचे गिऱ्हाईकही चहा थांबवून ऐकायचे. हैबतराव वाईट नव्हते. आयुष्यभर पोती मोजलेला माणूस, त्याला हळू बोलणं कुठून येणार?

बरं, बाई ऐदी म्हणावी तर तसंही नाही. उजाडता उजाडता उठून ती खाडीच्या बांधावरून पार उघाडीपर्यंत, म्हणजे भरतीचं पाणी अडवणाऱ्या दारापर्यंत, चालत जायची आणि परत यायची. साखर सोडली होती. भात सोडला होता. खारपट्टीतल्या माणसानं भात सोडणं म्हणजे काय, ते खारपट्टीतल्यालाच विचारावं. ताटात नाचणीची भाकरी, पालेभाजी आणि नावाला आमटी. एवढं करून काटा तसूभर हलायचा नाही. हललाच तर वरच्या बाजूला.

"चोरून खात असंल गो. नायतर हवा खाऊन का कोन फुगतं?" बायका पाणवठ्यावर म्हणायच्या.

हे मालूबाईच्या कानावर यायचं. तिला राग यायचा नाही, भीती वाटायची. तिची आई, धोंडुबाई, धरमतरकडच्या मिठागरात राबलेली काटक बाई. पन्नाशीच्या आसपास तिचं पोट सुटायला लागलं. सगळे म्हणाले, म्हातारीला सुखाची चरबी चढली. धोंडुबाईही हसली. मग पोटात गोळा निघाला, बाई बघता बघता चिपाडासारखी वाळली आणि गेली. मालूबाई आता त्याच वयाची झाली होती. रोज सकाळी ती बांधावर चालायची ती सडपातळ व्हायला नव्हे. वजन उतरलं तर ती निव्वळ चरबी, आणि नाही उतरलं तर आईचा गोळा, असा हिशोब तिनं मनाशी बांधला होता. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

नवरा शिवा म्हणजे झोपेचा पक्का भोक्ता. सूर्य छपरावर आल्याशिवाय गोधडी न सोडणारा. पण वर्षभर तोही पहाटे उठून मालूबाईच्या मागे, जरा अंतर ठेवून, डोळे चोळत चालायचा.

"माझ्या मागं मागं कशाला येता? गाव हसतं," मालूबाई म्हणायची.

"तुझ्या मागं कोन येतो? खेकड्यांनी बांध पोखरलाय का ते बघतो. खारं पानी शेतात शिरलं तर खाशील काय?"

आता बांधाला खेकडे भोकं पाडतात हे खरं. त्यामुळे मालूबाई पदर खोचून पुढं चालायला लागायची.

फेरी झाली की ती बायजाबाईंच्या पापडाच्या शेडवर कामाला जायची. पेणच्या दुकानांत जाणारे उडदाचे पापड तिथं लाटले जायचे. शेडवर मालूबाईचा मान मोठा, कारण तिची जीभ. प्रत्येक बाई आपापलं पीठ कुटून तेलाच्या हातानं मऊ करायची, दोऱ्यानं त्याच्या लाट्या कापायची, आणि पहिली लाटी मालूबाईपुढं यायची. मालूबाई ती तेलात बुडवून तोंडात टाकायची, डोळे मिटायची आणि सांगायची, "मिरी कमी हाय." किंवा, "खार चढलाय, आनखी पीठ घाल." मग सुधारलेल्या पिठाची लाटी पुन्हा यायची. तिनं मान हलवल्याशिवाय पोळपाटावर लाटणं फिरायचं नाही. सोमवारच्या उपासाला काय करायचं, असा प्रश्न एकदा निघाला होता. तेव्हा बायजाबाईंनीच निकाल दिला, "कामाचं चाखनं ते खानं नव्हं. देवाला समजतं." देवाची हरकत आली नाही, म्हणून तो नियम शेडवर कायम झाला.

त्या वर्षी मालूबाईची मुलगी रंभा दुसऱ्यांदा बाळंत झाली. ती रोह्याजवळ वरश्याला राहायची. जावयाची कंपनीत शिफ्ट, थोरल्या मुलाची शाळा, म्हणून माहेरी येणं जमेना. तेव्हा मालूबाईच तिकडं गेली. तिथं कसला बांध आणि कसली फेरी! बाळाला न्हाऊ घालायचं, शेगडी पेटवायची, धुणी वाळवायची. रंभेनं टाकलेला अळिवाचा लाडू, उरलेली खीर, सगळं तिच्याच पोटात जायचं. अन्न टाकवत नाही, काय करणार?

आणि महिनाभरात तिचं पोलकं ढगळ झालं.

दुसरी एखादी असती तर पेढे वाटले असते. मालूबाईचा हिशोबच उलटा झाला. चालणं बंद, वर गोडधोड, आणि तरी अंग उतरतंय. आईचंही शेवटी असंच झालं होतं. पोलक्याला पिन लावता लावता ती रडायला लागली, आणि रंभेनं ते पाहिलं. मग वर्षभर दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं.

रंभेनं शेजारणीकडं बाळ दिलं आणि आईला रोह्याला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं, रक्त तपासलं, मशीन फिरवून आतलं सगळं बघितलं.

"काही नाही, मावशी. पोट एकदम साफ आहे."

"मग वजन वाढलं व्हतं कशानं?"

"काहीतरी खात असाल."

पोटाचं ऐकून जीव भांड्यात पडला होता, पण या शेवटच्या वाक्यानं मालूबाईचं तोंड कडू झालं. पाणवठ्यावरच्या बायका बोलायच्या त्या बोलायच्याच, आता शिकलेला माणूसही तेच बोलतो!

बारसं जावयाच्या सुट्टीप्रमाणं उशिरानंच झालं. गडबहून बायजाबाई शेडवरच्या बायका घेऊन एसटीनं आल्या. येताना पापड आणले, आणि डबा भरून ताज्या लाट्या.

"मालू, तू गेल्यापासून कोनाच्या तोंडाचा भरवसा नाय ऱ्हायला. जरा चाखून सांग बाई," बायजाबाई म्हणाल्या.

मालूबाई पदर खोचून बसली. एकेकीची लाटी उचलायची, तेलात बुडवायची, डोळे मिटायचे, निकाल द्यायचा. शंका आली की दुसरी. पाळण्याची दोरी ओढता ओढता रंभा बघत होती. डबा निम्मा झाला तशी तिची दोरी थांबली.

"आई, किती खाल्लंस गो?"

"खाल्लं कुठं? चाखलं."

"शेडवर रोज असंच चाखतेस?"

"मग? कामच हाय माझं."

रंभेनं बायजाबाईंकडं पाहिलं. बायजाबाईंनी आधी डब्याकडं, मग मालूबाईकडं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "आगो बाय! सगळ्या शेडच्या लाट्या ही एकटी खाते. तेलात बुडवून. आनि उपासाला पन!"

बायका अशा हसल्या की पाळण्यातलं पोर दचकून रडायला लागलं. मालूबाई मात्र हसली नाही. हातातली लाटी तिनं परत डब्यात ठेवली आणि हळू विचारलं, "म्हंजे मला कायच झालं नव्हतं?" मग तिनं डोळ्यांना पदर लावला. वर्षभर ती रोज थोडी थोडी मरत होती, ते उडदाच्या पिठापायी. हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं, आणि तिनं दोन्ही येऊ दिलं.

शेताच्या कामापायी शिवाला बारशाला येता आलं नव्हतं. मालूबाई परतली तेव्हा तो गडबच्या थांब्यावर उभाच होता. घराकडं चालता चालता मालूबाईनं त्याला सगळं सांगितलं, आईच्या गोळ्यापासून लाट्यांपर्यंत. तो लाट्यांना हसला नाही.

"डॉक्टरनं नीट बघितलं ना?"

"मशीननं बघितलं."

"काय म्हनाला?"

"साफ हाय म्हनाला."

थोडं पुढं गेल्यावर त्यानं पुन्हा विचारलं, "साफच म्हनाला ना?"

शेडवर नवा नियम झाला. जिची तिनं चाखायची, आणि मालूबाईनं दिवसाकाठी एकच. हैबतरावांचा काटा हळूहळू खाली यायला लागला, तसा त्यांचा आवाजही उतरला. उतरलेला आकडा ओरडण्यात काय मजा?

पण ती पुढची गोष्ट. परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी मालूबाई सवयीनं पहाटे उठली. शिवा गाढ झोपला होता. तिनं त्याला हलवलं.

"अवो, चला. बांध बघायचा नाय का? खेकडे पोखरतील."

"पोखरू दे," शिवा कूस बदलत म्हणाला. "तू जा एकली. आता काय व्हत नाय तुला."

आणि गोधडी डोक्यावर ओढून तो घोरायला लागला. मालूबाई उंबऱ्यात थांबली. धोंडुबाईला खांदा द्यायला हाच पुढं होता, हे तिला तेव्हा आठवलं. वर्षभरात बांधाचं एकही भोक त्यानं बुजवल्याचं मात्र आठवेना. ती परत आत आली, त्याच्या उघड्या पायांवर गोधडी सारखी केली, आणि एकटीच बांधाकडं निघाली.