पानावरचा आडवा हात

पानावर आडवा धरलेला हात अण्णांना कधी दिसायचाच नाही. लग्नाच्या पंगतीत ते जिलबीची परात घेऊन समोर आले की आपण ‘नको, नको’ म्हणत हात आडवा धरायचा आणि त्यांनी “माझी शपथ हाय!” म्हणत बोटांच्या फटीतून जिलबी सोडायची, ही आमच्या शेवगावची रीत. तुमच्याही गावात असा एक माणूस असणारच.

एरवी अण्णा मार्केट यार्डात मापाडी होते. आलेली पोती काट्यावर तोलायचे. शेजारच्या आडतीच्या दुकानात मी हिशेब लिहिणारा दिवाणजी होतो.

नव्वद सालानंतर कधीतरी अल्सरने ते बेजार झाले. नगरला ऑपरेशन होऊन अर्धंअधिक जठर काढलं. डॉक्टरांनी बजावलं, थोडं थोडं पण पुन्हा पुन्हा खा, सावकाश चावा, गोड टाळा, वजन उतरू देऊ नका.

गावाने यातलं ‘खा’ एवढंच ऐकलं. अण्णांनी ज्यांना ज्यांना कोंबून खाऊ घातलं होतं, ते सगळे परतफेडीला हजर झाले. “अण्णा, लई वाळलात. माझी शपथ हाय, एवढा लाडू घ्याच.” जन्मभर शपथा घातलेला माणूस दुसऱ्याची शपथ मोडणार कशी? अण्णा खायचे आणि थोड्याच वेळात घामाने डबडबून पोत्यांवर आडवे व्हायचे. मग अशक्तपणा आला म्हणून लोक आणखी एक लाडू पुढे करायचे.

बाजार उठला की अण्णा स्वतः काट्यावर बसत. वजन दर खेपेला उतरलेलं असे. पोत्यामागे किलोभर वजन ‘घट’ म्हणून हसत कापणारे व्यापारी ही घट बघून मात्र हळहळायचे.

“दिवाणजी, लेकीचं लगीन बघायचंय मला,” एकदा ते म्हणाले. “पन नको म्हनायला जीभच उचलत न्हाई.”

दुसऱ्या दिवशी एका व्यापाऱ्याने पेढा पुढे केला. अण्णांनी हात आडवा धरला. व्यापाऱ्याने रीतसर फटीतून पेढा सरकवला.

“हात दिसंना व्हय तुमाला?” अण्णा कडाडले. व्यापारी पुढे कितीतरी दिवस रुसून होता.

त्यानंतर फक्त घरून काकूंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोने, दिलेला डबा. मऊ भात, मुगाचं वरण, उकडलेलं अंडं, दही. लिलाव ऐन रंगात आला की अण्णा काटा थांबवून डबा उघडायचे आणि सगळा बाजार त्यांचं चावून होण्याची वाट बघत चरफडायचा. वजन उतरायचं थांबलं, मग थोडं वाढलंही. मला फार बरं वाटलं.

लेकीच्या लग्नात परात त्यांनीच घेतली. माझ्यासमोर आले. मी सवयीने हात आडवा धरला. त्यांनी हाताकडे नीट पाहिलं.

“पुरे?”

“पुरे.”

“बरं,” म्हणाले आणि पुढे गेले. सगळ्या पंगतीशी ते असेच वागले. अर्धपोटी उठलेलं गाव म्हणालं, लेकीच्या लग्नात अण्णांनी हात आखडला.

अण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पंगतीत माझा हात अजून आपोआप आडवा जातो, आणि हल्लीचे वाढपी मुकाट पुढे सरकतात. खरं सांगू? ती जिलबी मला हवी होती.